मराठी रहस्यपटांचं कपाट उघडा

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,



१९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट. दोनच वर्षांत, १९६६ साली, राज खोसला यांनी त्याच गोष्टीवर हिंदीत ‘मेरा साया’ केला. पुढे १९९९ च्या ‘बिनधास्त’वरून प्रियदर्शन यांनी २००० साली तमिळमध्ये ‘स्नेगितिये’ केला. २००५ च्या ‘डोंबिवली फास्ट’चा २००७ साली तमिळ ‘एवनो ओरुवन’ झाला. २०१७ च्या ‘लपाछपी’चा २०२१ साली हिंदी ‘छोरी’ झाला.

चार चित्रपट, चारही थरारक, चारही मराठीत जन्मलेले. प्रत्येक वेळी दुसऱ्या भाषेतल्या माणसांनी गोष्ट पाहिली, तिच्यातला दम ओळखला आणि पैसा घातला. मराठी रहस्यपट आणि काळोख्या वळणाचे मराठी चित्रपट कमी दर्जाचे होते म्हणून मागे पडले, असं म्हणायला या यादीनंतर फारशी जागा उरत नाही. ते मागे पडले, कारण आले तेव्हा त्यांची धड ओळख करून दिली गेली नाही आणि गेल्यावर त्यांची आठवण ठेवली गेली नाही. या चित्रपटांचे हक्क आणि प्रती आपल्याकडे आहेत. म्हणून हे खुलं पत्र आपल्याला.

मराठी माणसाला रहस्य वाचायला शिकवावं लागलं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं घराघरांत पोहोचली होती. नारायण धारपांनी भयकथेला स्वतःचा वाचक मिळवून दिला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, गुरुनाथ नाईकांच्या आणि सुहास शिरवळकरांच्या रहस्यकादंबऱ्या वाचनालयांत हातोहात फिरल्या. एवढा मोठा वाचक ज्या भाषेत आहे, तिथे थरारपटाला प्रेक्षक नाही, हे गणित पटत नाही. शिरवळकरांच्या ‘समांतर’वर २०२० साली मालिका आली, तेव्हा ती पाहणारे लोक काही आकाशातून पडले नव्हते.

आता एकेक चित्रपट जवळून पाहू.

‘पाठलाग’मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर वकील आहेत. बायको गेल्याच्या दुःखातून ते अजून बाहेर आलेले नाहीत आणि आरोपीच्या पिंजऱ्यात थेट तिच्याच चेहऱ्याची एक बाई उभी राहते. मीच तुमची बायको, असा तिचा दावा आहे. ती खोटं बोलते आहे हे सिद्ध करणं हे वकिलाचं काम. आणि ती खरं बोलत असेल तर, हा नवऱ्याच्या मनातला धसका. या एका माणसाच्या दोन भूमिकांत सगळा चित्रपट ताणलेला आहे. तो प्रश्न विचारतो वकील म्हणून आणि उत्तर ऐकतो नवरा म्हणून. बायकोलाच ठाऊक असावं असं काही ती बोलून जाते, तेव्हा मारामारी नाही, पाठलाग नाही, कोणाच्या हातात पिस्तूल नाही. तरी पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. भावना यांची दुहेरी भूमिका आणि घाणेकरांचा तो घुसमटलेला आवाज यांची चर्चा मराठीतल्या मोठ्या अभिनयाच्या गप्पांत व्हायला हवी. होते ती घाणेकरांच्या रंगमंचावरच्या संभाजीची आणि लाल्याची. दत्ता डावजेकरांनी संगीत दिलेली गाणी तेवढी कार्यक्रमांतून उरली आहेत. गाणी राहिली आणि ज्या गोष्टीसाठी ती बांधली ती गोष्ट मागे पडली, असं हे झालं आहे.

‘सामना’ला कमी लेखलं गेलं, असं कुणी म्हणणार नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धा विभागात निवड. राजकीय चित्रपट म्हणून त्याचं नाव कायमचं कोरलं गेलं आहे. पण त्याची बांधणी अस्सल रहस्यपटाची आहे, हे फार थोड्यांनी सांगितलं. एक परका माणूस गावात येतो. गावातला एक जण नाहीसा झालेला आहे. त्या मारुती कांबळेचं पुढे झालं काय, हे कोणी बोलायला तयार नाही. डॉ. श्रीराम लागूंचा दारूच्या आहारी गेलेला मास्तर हा इथला शोध घेणारा माणूस, आणि निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हा त्याचा यजमानही आणि संशयितही. पाहुण्याला दारू पाजणारा, त्याच्याशी मैफल जमवणारा, त्याच्या सहवासात रमणारा हिंदुराव तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून हळूहळू आतून पोखरत जातो. फुल्यांचा चेहरा त्या काळात काय काय करतो, ते पाहण्यासारखं आहे: हसू तसंच राहतं, डोळे मात्र आधीच सावध झालेले असतात. प्रश्न विचारणाऱ्याकडे ना अधिकार, ना पुरावा, फक्त चिकाटी. जगातल्या कुठल्याही भाषेतल्या उत्तम गुन्हेपटाशेजारी हा चित्रपट ठेवता येतो. पण ‘राजकीय’ हा शिक्का पाहून बिचकणाऱ्या नव्या प्रेक्षकाला, यात एक रहस्य आहे आणि ते शेवटपर्यंत खिळवून ठेवतं, हे आपल्या एखाद्या पोस्टरवर कधी तरी छापून यायला हवं होतं.

खऱ्या गुन्ह्यांवरच्या चित्रपटांची तर वेगळी रांग आहे. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला झालेल्या हत्याकांडाने महाराष्ट्र हादरला होता. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो यावर: १९८१ चा ‘आक्रीत’, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. पडद्यावर साधा, लाजराबुजरा, बसच्या रांगेतला तरुण म्हणून देश ज्याला ओळखत होता, त्या नटाने पदार्पणाला अंधश्रद्धा, हाव आणि बालिकांच्या हत्यांचा विषय निवडला आणि त्यातली काळी भूमिकाही स्वतः केली. एवढं धाडस आजही दुर्मीळ आहे. पुण्यातल्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर राजदत्त यांनी १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ केला. नाना पाटेकर त्यात आहेत, ‘परिंदा’ आणि ‘अंकुश’ या नावांनी त्यांची ओळख देशभर पक्की होण्याच्या त्या उमेदीच्या काळातले. याच हत्याकांडाच्या सावलीत अनुराग कश्यप यांनी पुढे ‘पाँच’ केला आणि तो वर्षानुवर्षं चित्रपटगृहापर्यंत पोहोचलाच नाही.

२०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली, मानवत प्रकरणाचा छडा लावणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. हेच कुलकर्णी १९६८ साली मुंबईत रामन राघवच्या प्रकरणात तपासाच्या मुळाशी होते, आणि त्या रामन राघववर श्रीराम राघवन यांनी रघुबीर यादवांना घेऊन १९९१ साली चित्रपट केला होता. मालिका पाहून ज्यांची उत्सुकता चाळवली, त्या हजारो तरुण प्रेक्षकांना त्याच आठवड्यात ‘आक्रीत’ दाखवता आला असता. चाळीस वर्षांपूर्वी हाच गुन्हा कोणत्या नजरेने पाहिला गेला आणि आता कोणत्या, यावर महिनाभर चर्चा झाली असती. गोष्ट ताजी होती, प्रेक्षक तयार होता. जोडून द्यायचं तेवढं राहून गेलं.

‘डोंबिवली फास्ट’ला पुरस्कार मिळाले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, कौतुकही झालं. तरी आज पंचविशीतल्या मराठी मुलामुलींत तो पाहिलेला किती जणांनी आहे, हे विचारून बघा. निशिकांत कामत यांचा हा पहिला चित्रपट. जोएल शुमाकर यांच्या १९९३ च्या ‘फॉलिंग डाउन’शी त्याचं नातं उघड आहे, आणि ते सांगूनही त्याचं मोल कमी होत नाही, कारण त्यातला राग पूर्णपणे इथला आहे. माधव आपटे हा बँकेत काम करणारा, डोंबिवलीत राहणारा मध्यमवर्गीय माणूस. सुरुवातीला त्याचा दिवस आपल्याला दाखवला जातो: उठणं, आवरणं, डबा, स्टेशन, लोकल, बँक, परत लोकल. मग तोच दिवस पुन्हा. मग पुन्हा, आणखी भरभर. संकलनाच्या त्या लयीत काही मिनिटांतच पाहणाऱ्याच्या छातीवर वजन येतं, कारण हा क्रम त्यालाही पाठ असतो. मग दुकानदार शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो आणि आपटे अडून बसतो. रक्कम किरकोळ आहे. पण संदीप कुलकर्णी ज्या थंड, सभ्य, शाळामास्तरी सुरात छापील किंमत वाचून दाखवतात, त्यातून कळतं की हा माणूस आता घरी परतणार नाही.

इथला थरार कशात आहे? खलनायक नाही. आपटेच्या हातात बॅट आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे, हीच भीती आहे. पाहणाऱ्याला तो पटतो आणि तो पटतो आहे याचीच धास्ती वाटते. कामत यांनी पुढे माधवनला घेऊन तमिळ आवृत्ती स्वतःच केली, ‘मुंबई मेरी जान’ केला, २०१५ साली हिंदी ‘दृश्यम’ केला. ‘दृश्यम’मुळे त्यांचं नाव देशभर झालं. २०२० साली ते गेले तेव्हा आठवण निघाली ती बहुतेक ‘दृश्यम’च्या दिग्दर्शकाची. त्याच दिग्दर्शकाने मराठीत काय करून ठेवलं होतं, ते दाखवायची ती वेळ होती.

आता एक असा चित्रपट, ज्याला कोणी थरारपट म्हणत नाही: सतीश मन्वर यांचा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’. विषय विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा, आणि बांधणी अशी की भले भले थरारपट त्यापुढे सैल वाटावेत. शेजारी आत्महत्या झालेली आहे. अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णी यांना, आपला नवरा किसनाही तेच करील अशी भीती बसते. ती त्याला विचारत नाही. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल. मग ती त्याच्यावर लक्ष ठेवते. लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे धाडते. बाप शेतात गेला, पोरगं मागे. बाप घरात थांबला, पोरगं उंबऱ्यात. नवऱ्याला आवडेल असं काही ती रांधते, त्याला हसवायला बघते, आणि गिरीश कुलकर्णींच्या किसनाला कळत नाही की हिला झालंय काय. विनोद आणि भय एकाच वेळी चालतात. प्रत्येक दोर, प्रत्येक डबा, विहिरीकडची प्रत्येक फेरी आपण तिच्या डोळ्यांनी पाहू लागतो. पुढे काय होईल याचा ताण म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला मराठी धडा नाही. ‘शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचा गंभीर चित्रपट’ एवढीच ओळख करून दिल्यामुळे मात्र जे प्रेक्षक खुर्चीला खिळून बसले असते, ते आलेच नाहीत.

निखिल महाजन यांच्या ‘पुणे ५२’ची कथा याच्या उलट. तो २०१३ साली आला तो उघडपणे गुप्तहेराचा चित्रपट म्हणून. कर्वेनगरच्या पिन कोडचे शेवटचे आकडे नावात मिरवणारा हा चित्रपट १९९२ मध्ये घडतो. बाजार नुकता खुला झालेला आहे, हाती पैसा येण्याची स्वप्नं पडू लागली आहेत आणि अमर आपटे हा खासगी गुप्तहेर लोकांच्या नवरा-बायकांमागे कॅमेरा घेऊन फिरतो आहे. परदेशी गुन्हेपटांतला तो एकाकी, कर्जबाजारी, नैतिकदृष्ट्या घसरत चाललेला हेर मराठी मध्यमवर्गीय संसारात आणून बसवणं हे सोपं काम नव्हतं. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी ते पेललं. शेवटाकडे चित्रपट मुद्दाम धूसर होतो आणि तिथे काही प्रेक्षक त्याच्यापासून तुटले, हेही खरं. पण ज्या दिग्दर्शकाला पुढे ‘गोदावरी’साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा पहिला चित्रपट पुन्हा पडद्यावर आणायला याहून चांगलं निमित्त कोणतं हवं होतं?

याच गिरीश कुलकर्णींना हिंदी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं ते अनुराग कश्यप यांच्या ‘अग्ली’मध्ये. हा चित्रपट २०१३ साली कान महोत्सवातल्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला आणि देशात २०१४ च्या डिसेंबरात लागला. दहा वर्षांची मुलगी गाडीतून नाहीशी झाली आहे. तिचा बाप आणि त्याचा मित्र पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आलेत. समोर इन्स्पेक्टर जाधव. एकेक मिनिट मोलाचं असताना जाधव चौकशी करतो ती भलत्याच गोष्टींची: तुम्ही करता काय, सिनेमात माणसं निवडण्याचं काम म्हणजे नेमकं काय, आणि फोन वाजला की त्यावर फोटो येतो तो कसा येतो? बापाचा जीव कासावीस, मित्र समजावून समजावून थकलेला आणि जाधव निवांत. दृश्य लांबत जातं. आधी हसू येतं, मग राग, मग पोटात गोळा. थांबायचं कुठे आणि ताणायचं किती, याची जाण असलेला नट त्या खुर्चीत बसला आहे म्हणून हे साधतं. ती जाण ‘वळू’, ‘गाभ्रीचा पाऊस’, ‘देऊळ’ अशा मराठी कामांतून घडत गेलेली होती. ‘अग्ली’ पाहून थक्क झालेल्या प्रेक्षकाला तिकडे घेऊन जाणारी वाट आपण बांधायची आहे.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त भीती उसात दडलेली आहे. सावकारांच्या तगाद्याने पळालेलं जोडपं, बायको गरोदर, आणि चारी बाजूंनी उभा ऊस. ज्याने उसाच्या फडातली पायवाट तुडवली आहे त्याला ठाऊक असतं की आत चार पावलं गेलं की आवाज कुठून येतो ते कळेनासं होतं. चित्रपट या साध्या अनुभवावर उभा आहे. त्याला वाड्याची, स्मशानाची गरज पडली नाही. पूजा सावंत यांची घाबरलेली पण न मोडणारी नेहा आणि उषा नाईक यांची मायेने जेवू घालणारी तुळसाबाई यांच्यातला खेळ पाहण्याजोगा आहे. भुतापेक्षा भयंकर आहे ती पोटातल्या मुलीचा जीव घेणारी रीत, हे चित्रपट भाषण न देता सांगतो. ‘छोरी’ झाल्यावर अनेकांना पहिल्यांदा कळलं की याचं मूळ मराठी आहे आणि दिग्दर्शकही तोच.

‘वाळवी’चा दाखला मुद्दाम शेवटी. २०२३ च्या जानेवारीत परेश मोकाशींचा हा चित्रपट आला. बायकोचा खून करायचा आणि तो आत्महत्या वाटेल असं पाहायचं, असा बेत नवरा आणि त्याची प्रेयसी आखतात आणि तो बेत पावलोपावली फसत जातो. स्वप्नील जोशी, सुबोध भावे, अनिता दाते, शिवानी सुर्वे. जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की यात खून आहे, थरार आहे आणि हसूही आहे. प्रेक्षकांनी तो उचलून धरला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. जे आहे ते सरळ सांगून विकलं तर मराठी प्रेक्षक येतो, याचा एवढा ताजा पुरावा आपल्या हातात आहे.

दुसरा पुरावा ‘तुंबाड’चा. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट, पण त्याची मुळं इथली: कल्पना नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, पाऊस कोकणातला. १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला तेव्हा त्याने बेताचाच धंदा केला. मग तो घरोघरी पाहिला गेला, एकाने दुसऱ्याला सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला आणि या दुसऱ्या खेपेने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. नवा तारा नव्हता, नवा प्रसंग नव्हता. सहा वर्षांनी तीच रिळं, फक्त आता लोकांना कळलं होतं की हे मोठ्या पडद्यावर पाहायचं असतं.

यावर आपली उत्तरं काय असतील, ती प्रेक्षकांनाही पाठ आहेत. मराठी प्रेक्षक कुटुंबाला घेऊन येतो, त्याला हलकंफुलकं हवं असतं. कबूल, येतो, पण तोच प्रेक्षक घरी बसून मल्याळम आणि कोरियन गुन्हेपट उपशीर्षकांसह रात्री जागून पाहतो. दुसरं उत्तर, मराठीला पडदेच मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे. २०१५ साली प्राइम टाइमवरून केवढा गदारोळ झाला होता ते सगळ्यांना आठवतं. पण आठवड्यातून एक जुना खेळ लावायला पडद्यांची लढाई जिंकावी लागत नाही. तिसरं उत्तर, जुन्या प्रतींची अवस्था वाईट आहे. हे उत्तर सगळ्यांत काळजी लावणारं आहे, कारण ते दर वर्षी आणखी खरं होत जातं. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या नायट्रेट फिल्मचा केवढा तरी ठेवा जळाला. त्यात प्रभातच्या चित्रपटांची रिळंही होती. जे आज खोलीत पडून आहे ते उद्या असेलच, असं धरून चालता येत नाही. आणि ज्या चित्रपटाला मागणी नाही असं मानलं जातं, त्याची निगा सगळ्यांत शेवटी राखली जाते.

अनेक जुने मराठी चित्रपट यूट्यूबवर सापडतात, हे खरं. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, कडा कापलेल्या, आवाज खरखरीत. विनोदी चित्रपट अशा प्रतीतही तगून जातो. काळोखात घडणारा चित्रपट नाही तगत. रात्रीच्या दृश्यात चेहऱ्याच्या अर्ध्या भागावरचा उजेड हाच जिथे अर्थ असतो, तिथे फिकट प्रत म्हणजे अर्धी गोष्ट पुसलेली. या जातीच्या चित्रपटांना चांगल्या प्रतीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

तेव्हा मागण्या अशा. आपल्यापैकी कोणाकडे कोणत्या रहस्यपटाचे, भयपटाचे, गुन्हेपटाचे हक्क आहेत आणि मूळ निगेटिव्ह किंवा प्रत कुठे आहे, याची यादी एकत्र करून जाहीर करावी. ज्याची प्रत शाबूत नाही, त्याची माहिती पुण्याच्या संग्रहालयाला आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशनसारख्या संस्थांना आधी द्यावी. वर्षाला निदान चार चित्रपट स्वच्छ करून, मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकांसह आणावेत. परदेशातल्या मराठी मंडळांत वाढलेली पोरं आजोबांच्या आग्रहाखातर दहा मिनिटं बसतात ती उपशीर्षकं असली तर दोन तास बसतील. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी इथे महिन्यातून एक रात्रीचा खेळ ठरलेला असावा. ज्या कथेवरून, कादंबरीवरून चित्रपट झाला तिच्या लेखकाचं नाव पोस्टरवर ठळक असावं. वाचनालयांतला मोठा वाचकवर्ग त्या नावाला ओळखतो. ज्या चित्रपटाचा दुसऱ्या भाषेत अवतार झाला, त्याच्याबरोबर तो अवतारही दाखवावा. आणि नव्या दिग्दर्शकाने खुनाची, भयाची, मनाच्या काळोखाची गोष्ट आणली, की तिच्यात एक विनोदी नोकर आणि दोन गाणी घालायचा आग्रह धरू नये.

पहिल्या वर्षासाठी ‘आक्रीत’, ‘माफीचा साक्षीदार’, ‘गाभ्रीचा पाऊस’ आणि ‘पुणे ५२’ ही चार नावं या पत्रासोबत सुचवली आहेत. यांतल्या एकाचे जरी हक्क आपल्याकडे असतील, तर प्रत कोणत्या अवस्थेत आहे आणि खेळ कधी लावता येईल, एवढं वर्तमानपत्रातून किंवा आपल्या वाहिनीवरून कळवावं. तिकिटं काढायला लोक तयार आहेत.



आपला,
रहस्यपटांचा एक मराठी प्रेक्षक